ओव्हाळ मॅडमचं कोण ऐकत होतं?

जय भीम. नमस्कार.

औंढ्याच्या ग्रामस्थांनो, कारखान्यातल्या माझ्या बहिणींनो, भावांनो, तुम्ही शिफ्ट बदलून, रजा टाकून मॅडमच्या शोकसभेला आलात. विहाराचा हॉल भरलाय, बाहेर पायऱ्यांवरही माणसं बसलीत. आणि एवढ्या माणसांत मला फार एकटं वाटतंय. माइक हातात धरायची सवय नाही. सांभाळून घ्या.

मी सुनंदा, सुदुंबऱ्याची. ओव्हाळ मॅडम आमच्या प्लांटच्या प्रमुख होत्या. त्यांच्या हाताखाली मी लाइनवर लागले. त्या निवृत्त झाल्यापासून त्यांच्या खुर्चीवर मी बसते.

आम्ही गाड्यांच्या वायरी बांधतो. पूर्वी सगळं हातानं व्हायचं. मग नवी मशिनं यायची ठरली. वरून साहेब लोक आले आणि पडद्यावर दाखवून गेले, कुणाला काय येत नाही. याला कॉम्प्युटर येत नाही, हिला इंग्रजी येत नाही, त्याचं वय झालंय. मॅडमनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून त्या एकेकाच्या शेजारी जाऊन उभ्या राहायला लागल्या. विचारायच्या एकच, "कुठलं काम करताना तुला घड्याळाकडे बघावंसं वाटत नाही?"

मी म्हटलं, "नव्या पोरींना शिकवताना."

"मग तेच कर," म्हणाल्या. माझं आयुष्य तिथं वळलं.

बबनभाऊ इथं बसलेत. भाऊ, सांगू ना? कँटीनमध्ये सगळ्यांदेखत भाऊ ओरडले होते, "बाई, तुमी आमाला काढायलाच आलाय, व्हय ना? सरळ सांगा की!" आता भाऊंची नोकरी गेली, असंच वाटलं. मॅडम खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या. म्हणाल्या, "भाऊ, तुम्हाला भीती वाटतेय. मलाही वाटतेय. सगळ्यांना ठेवता येईल, असं मी खोटं सांगणार नाही." आठवड्याभरात मॅडमनी त्यांनाच बोलावलं. "तुम्ही बोललात की सगळे ऐकतात. लोकांच्या मनात काय आहे ते मला तोंडावर सांगायचं, हे तुमचं काम." ज्याला बाकीचे भांडखोर म्हणत होते, त्याच्या भांडणातली ताकद या बाईंना दिसली.

पण सगळ्यांना ठेवता आलं नाहीच. काहींची कामं गेली. त्यांच्या घरी मॅडम स्वतः गेल्या. मला सोबत नेलं. कार्ल्याच्या शालनमावशींनी दार लावून घेतलं. आतून बोलत होत्या, "आता कशाला आलीस? माझ्या पोरींचं काय?" मॅडम उन्हात उभ्या. एक शब्द उलटून बोलल्या नाहीत. मावशींचं बोलणं संपलं, तेव्हा हळूच म्हणाल्या, "मावशी, तुमचा राग बरोबर आहे."

परतताना बसमध्ये मी चिडले. "कशाला गेलात? पत्र धाडलं असतं की."

खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "पत्राला शिव्या देता येत नाहीत गं. त्यासाठी समोर माणूस लागतो."

शालनमावशी आज मागं बसल्यात. मावशी, तुम्ही आलात. बरं वाटलं.

त्या दिवशी बसमध्ये मी विचारलं, "मॅडम, सगळ्यांचं तुम्ही ऐकता. तुमचं कोण ऐकतं?"

त्यांनी खिडकीतून नजर माझ्याकडे वळवली. मग म्हणाल्या, "हे आजवर कुणी विचारलं नव्हतं."

लोणावळ्याच्या घरात त्या एकट्या राहायच्या, तुम्हाला ठाऊक आहे. त्यानंतर रविवारी मी त्यांच्याकडे जायला लागले. त्या बोलायच्या, मी ऐकायचे. काय बोलायच्या? गुडघा दुखतो. धुक्यानं कपडे वाळत नाहीत. आज दिवसभर कुणाशी बोलले नाही, आवाज बसल्यासारखा वाटतो. एवढंच. निवृत्तीनंतर फोन हळूहळू बंद झाले. त्यांनी कुणाला दोष दिला नाही. "लोक कामात असतात," म्हणायच्या. पण मी निघाले की दारात उभ्या राहायच्या, मी वळणाआड जाईपर्यंत.

आता माझ्या टेबलापाशी माणसं येऊन रडतात, भांडतात. मी ऐकते. तसं ऐकायला मी त्यांच्याकडूनच शिकले. पण घरी जाताना हे सगळं कुणाजवळ उतरवायचं? ज्यांच्याजवळ उतरवलं असतं, त्या मॅडम गेल्या आठवड्यात झोपेतच गेल्या. पुढारीपण म्हणजे काय, हे मला कुणी विचारलं तर मी सांगेन, दुसऱ्याचं ओझं दिसणं. आणि आपलं कुणाला न दिसणं.

थांबते. एक मागणं आहे. हे मॅडमचे धाकटे भाऊ, यशवंतदादा. सकाळपासून बघतेय, जो येतो तो त्यांना म्हणतो, सावरा, धीर धरा, रडू नका. दादांना कुणी बोलूच दिलेलं नाही. आपण आता शांत बसू या. दादा, तुम्हाला वाटलं तर बोला. वाटलं तर रडा. काहीच नको वाटलं, तरी चालेल.

आम्ही बसलोय. घाई नाही.