ओत्यिकुंगेच्या तळ्यातला बेडूक

सन्माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरील पाहुणे, ओत्यिकुंगेहून ट्रकमधून धूळ खात आलेले माझे गावकरी, आणि ज्यांना निवृत्तीचा निरोप द्यायला आज माझी जीभ रेटत नाही ते आमचे टाटे, म्हणजे आम्हा सगळ्यांना वडिलांच्या जागी असलेले डॉक्टर हेंगारी,

वाळूतल्या बेडकांचं वर्गीकरण म्हणजे काय हो? सगळेच मातकट, सगळ्यांच्या टाचेला वाळू उकरायची तीच गाठ. वेगळेपण कळतं ते पाऊस झाल्यावर, हाकेवरून, आणि मग प्रयोगशाळेत. त्यापायी टाटेंनी अख्खा देश पालथा घातला आणि घरी बोलणी खाल्ली. (हेंगारी बाई, हसू नका, तुम्हीच सांगितलंत!)

आमच्या गावच्या तळ्यावर खाणवाल्यांचा डोळा होता. तिथला बेडूक इतर कुठे नाही असं ठरलं, तर कायद्याने तळं वाचणार होतं. टाटे पावसात भिजत ऐकत बसले, तपासण्या केल्या आणि म्हणाले, "हा तोच. अंगोलापासून खाली सगळीकडे आहे."

माझे बाबा गावचे प्रमुख. ते कडाडले, "तुमच्या एका शब्दावर आमची गुरं जगतील, आणि तुम्हाला बेडकाच्या गळ्याची पडलीय?"

"आज खोटं बोललो, तर उद्या माझं खरंही कुणी ऐकणार नाही," टाटे म्हणाले.

तळं गेलं. गुरं मैलोन्‌मैल चालू लागली, कित्येक वाटेतच बसली. टाटे तरीही दर पावसाळ्यात येत. बाबा ओरडत, "आला बघा बेडकांचा जावई!" कुणी त्यांना दारात उभं करत नसे. मीही नाही. पुढे मी इथे यांच्याच प्रयोगशाळेत नोकरीला लागले, तर यांनी त्यातलं अक्षरही कधी काढलं नाही.

गेल्या वर्षी खाण टेकडीमागच्या डबक्याकडे सरकली. गावाला तेवढंच पाणी उरलेलं. तिथे टाटेंना निराळी हाक ऐकू आली, संथ, तुटक. तपासलं, तर बेडूक खरोखरच वेगळा. सुनावणीत खाणीच्या वकिलाने शंका काढली, "हे तर गाववाल्यांचेच!" सुनावणी घेणारे अधिकारी शांतपणे म्हणाले, "याच गाववाल्यांना यांनी एकदा तोंडावर नाही म्हटलंय." डबकं वाचलं.

बाबा त्याआधीच्या हिवाळ्यात गेले. त्यांना हे कळलंच नाही. मला ते फार लागतं.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही राहिलं असेल तर सभेने पोटात घालावं. पण टाटे, तुमची माफी मला वेगळी मागायची आहे, माझ्या बाबांच्या वतीनेही. तुम्ही आमच्याशी खरं बोललात, आणि आम्ही तुम्हाला साधं पाणीसुद्धा विचारलं नाही.