ससा कधी सुटणार?

दाताच्या दवाखान्यात शिवणक्लासवाल्या बाई सुजलेला गाल धरून बसल्या होत्या. शेजारी एक मावशी कवळी बसवायला आली होती. जाहिरात कंपनीतली भाची तिला समजावत होती.

“मावशी, बिस्किटाच्या डब्यावर मोबाइल धरला की तुझ्या गोष्टीतला ससा पडद्यावर टुणकन बाहेर येतो. तुझ्या आवाजात गोष्ट सांगतो, पोरांच्या प्रश्नांना उत्तरं देतो. आवडलं होतं ना तुला?”

“अजूनही आवडतंय.”

“मग रेकॉर्डिंगचं शेवटचं वाक्य का अडवून धरलंयस?”

“ससा बिळात अडकलाय, पोर रडकुंडीला आलंय, आणि मी म्हणू, आईला दुसरा डबा आणायला सांग, मगच तो सुटेल? माझ्या तोंडून हे निघायचं नाही.”

“अगं, पुढची गोष्ट दुसऱ्या डब्यात आहे. कल्पनाच तशी आहे.”

“माझ्या गोष्टीतला ससा पोर झोपायच्या आत सुटतो. लहानपणी तुझा नाही सुटला कधी?”

“सुटायचा गं. पण आता साहेबांना काय सांगू? ते मशीनकडून तुझ्या आवाजात वदवून घेतील.”

“घेऊन बघू देत! दारोदार जाऊन पोरांना सांगेन, तो आवाज माझा नव्हे.”

“मावशी, माझी नोकरी आहे ती!”

“आणि ससा माझा आहे. कवळी मी गोष्ट सांगायला बसवतेय, डबे खपवायला नाही.”

आतून नर्सने हाक मारली, “शिवणक्लासवाल्या बाई, चला, तुमचा नंबर.”

बाई जागच्या हलल्या नाहीत. सुजलेल्या तोंडाने जमेल तेवढ्या ठसक्यात म्हणाल्या,

“थांबा. आधी ससा सुटू द्या.”