मातीसकट दिलेली मुडली

—न्हाई, न्हाई, म्याडम, ती बोलायची न्हाई. तुम्ही पाणी घ्या, गूळ घ्या—कॉलेजातनं एवढ्या लांब जंगलातल्या आमच्या कुंभारवाड्यात आलासा, बरं वाटलं—पर माझ्या रक्षिताला काय इचारू नका. गळ्याची सूज उतरली, डाक्तर म्हणतो आता बोलाय हरकत न्हाई. मग का बोलत न्हाई? मला काय ठावं! आईसंगंबी बोलत न्हाई ती. परड्यात बसल्या, कोंबड्यांकडं बघत.

व्हय, कंदांची ती पिशवी मीच दिली पोरीसंगं. आमच्यात रीत हाय—नव्या घरात राहाय गेलं की तितल्या थोरल्या बायांस्नी औंदाचे कंद द्यायचे, मातीसकट. माती झाडायची न्हाई. त्यांनी खावं, उरलं तर लावावं, असं. मला वाटलं, हॉस्टेल म्हंजे घरच की, थोरल्या पोरी म्हंजे जावा-नणंदा! कणगीचे गोड कंद दिले, मुडली दिली—मुडली म्हंजे आमच्यातला अळूचा कंद, चिंच घालून उकडल्याबिगर तोंडात घालवत न्हाई, कच्ची खाल्ली तर घसा सोलून निघतो. आन त्या सटव्यांनी—माफ करा, म्याडम—पोरीला मधी बसवून कच्चीच खायला लावली. "जंगलातली हायस न्हवं, खा." दवाखान्यात एवढंच बोलली, मग जी गप्प झाली ती झाली. रीत मी पाळली, भोगलं माझ्या पोरीनं.

तुमची रॅगिंगची कमिटी हाय, भिंतीवर नंबर हाय, समदं खरं. पर नाव कोण सांगणार? जी ती म्हणती, मी बघितलंच न्हाई. तिच्या खाटेवर आता दुसरी नवी पोर आल्या म्हणता—देव राखो तिला. मी काय करू? शहरातल्या पोरी त्या. त्यास्नी कंदातलं काय कळतंय? माती लागल्यावर कणगी कुठली, मुडली कुठली, तेबी कळायचं न्हाई. आन बघा, कणगी तशीच परत आली पिशवीतनं. ती खाजत न्हाई न्हवं. नेमकी मुडलीच काढली येचून. आमच्यातल्याच कुणी दाखवल्याबिगर—

छ्या. तसं काय न्हाई. आमची तारा हाय तितं, धाकट्या भावाची लेक, शेवटच्या वर्साला—पर ती कशाला करंल? तिच्याच भरवशावर धाडली पोरीला. "फुलाआत्ते, मी हाय न्हवं," म्हणाली. वाडीतनं कॉलेजात गेलेली पैली पोर ती! तिला बघून तर बाकीच्यांनी लेकी शिकाय घातल्या. न्हाई म्याडम, तिचं नाव घेऊ नका. मी घेतलंच न्हाई. भाऊ हाय माझा, त्याला तोंड कसं दाखवू?

माझ्या मागं काय बघताय?

...रक्षिता. कवा आलीस गो आत? मान का हलवतीस? तारा हुती व्हय त्यांच्यात? सांग म्याडमना, तारा न्हवती म्हणून—उठा म्याडम, तुमची बस चुकंल, उठा—

न्हवं बाय, अशी खालीवर न्हवं. आडवी हलव. आडवी.