कोंबडीवाली गाडी

चहा होऊ द्या बाबा, लई दमलो या गाडीपायी. पहिले पेंटरकडून मॅटाडोरवर हौसेनं मोर काढून घेतल्ता, तर दिसायला बराबर कोंबडी! मंग कुंभार पिंपळगावात लोक दुसऱ्या गाड्या सोडून 'कोंबडीवाली'चीच वाट पाहायचे. पुढं जुन्या जालन्यात तयार स्टिकर मिळू लागले. सगळ्यांनी गरुड लावला, मंग मीबी कोंबडी खरवडून गरुडच लावला.

परवा लग्नातून निघताना बायको गरुड पाहून दुसऱ्याच गाडीत मागं बसली, तिथंच झोपली अन् पार अंबडला गेली. आणायला गेलो तवा वैतागून म्हणलं, "आपली गाडी वळखू येत न्हाई तुला?"

ती म्हणली, "कोंबडी व्हती तवर चुकले का कधी?"