तुकडा कुठून तुटला

प्राजक्ता : पण आबा, तुकडा तर तुटणारच ना? तोडण्यासाठीच तर चिकटवला होता आपण.

आबा : तुटालेच पायजे. पण कुठून तुटला, थे पायाचं असते. उजेडात धर. काय दिसते?

प्राजक्ता : मधोमध तुटलाय. एकदम सरळ.

आबा : बोट फिरव त्याच्यावरून.

प्राजक्ता : गुळगुळीत लागतंय. काचेसारखं.

आबा : आता हा घे. हिवाळ्यात विमानाच्या शेपटीचं काम केलं, तेव्हाचा.

प्राजक्ता : हा खरबरीत आहे. लाकडाची कुसळं निघालीत.

आबा : मंग दोघांत फरक काय झाला? घाई नाई. इचार कर, मंग सांग.

प्राजक्ता : हिवाळ्यातल्याचं लाकूड फाटलं, पण जोड नाही सुटला. आणि कालच्यात... लाकूड तसंच आहे. जोडच उघडलाय.

आबा : शाब्बास.

प्राजक्ता : शाब्बास काय, आबा! हाच गोंद आपण पंखाच्या कण्याला लावलाय.

आबा : हो.

प्राजक्ता : या टोकापासून त्या टोकापर्यंत.

आबा : हो, माय.

आजी : काहून तोंडं पाडून बसले दोघं? चहाले हाक मारू मारू गळा बसला माहा.

आबा : जमुना, गोंद खराब निघाला.

आजी : कोनता? थो बडनेऱ्याचा?

आबा : थोच.

आजी : निंगनच! आखा उन्हाळा थो डबा गोदामात पत्र्याखाली भाजून निंगाला. फोन केला का थो ट्रान्सपोर्टवाला म्हने, काका, येका डब्यासाठी गाडी सोडू काय? अकोल्याचा माल भरला का पाठवतो. शेवटी तुमीच गेले एसटीनं, अन् मांडीवर घेऊन आले. दवाखान्यातून लेकरू आनल्यावानी!

प्राजक्ता : डब्यावर लिहिलं होतं ना आबा, थंड जागी ठेवा म्हणून?

आबा : लिहेल होतं. पण लिहिनाऱ्यानं मे महिन्यातलं बडनेरा पायलं नसन.

आजी : हसू नका. लाकडाच्या वक्ती असंच झालं. तू लहान होती, प्राजू. मुंबईच्या कस्टमवाल्या साहेबानं कागद पायला, विमानाचं लाकूड. त्यानं फोन करून इचारलं, विमान कुठं हाय? तुहे आबा म्हनते, साहेब, अजून लाकडातच हाय.

प्राजक्ता : खरंच असं म्हणालात?

आबा : मंग काय खोटं सांगू?

आजी : झालं! साहेबानं ठेवून घेतलं लाकूड. शेजारच्या बेबीताईची लेक लग्न होऊन सासरी गेली, बाळंतपनाले माहेरी आली, तवा कुठं आमच्या दारात लाकूड आलं.

आबा : तुले बरं ध्यानात राहते.

आजी : बारशाच्या दिवशीच आलं होतं. घुगऱ्या सोडून पळाले तुमी.

प्राजक्ता : आबा, एक विचारू? वरून प्लाय बसला की हा जोड झाकला जाणार ना?

आबा : झाकल्या जाईन.

प्राजक्ता : आणि पुढच्या आठवड्यात तपासणीवाले साहेब येतील, ते आतला जोड बघतील?

आबा : आतला कसा दिसन त्याईले? थे तुकडा मांगतात.

प्राजक्ता : मग हिवाळ्यातला तुकडा दाखवायचा.

आजी : प्राजू! कायची शिकवन हे?

आबा : थांब, बोलू दे तिले. मले तुकडा तोडल्यापासून थेच सुचून राहिलं. बरं प्राजू, दाखवला आपण हिवाळ्यातला. साहेब सही करून गेले. मंग?

प्राजक्ता : मग पंख पूर्ण. इंजिन तर आलेलंच आहे. मग उडायचं.

आबा : कोण कोण?

प्राजक्ता : तुम्ही पुढे, मी मागे. ठरलंय ना आपलं.

आबा : वर गेल्यावर वजन कोण झेलते?

प्राजक्ता : पंख. म्हणजे कणा. तुमचं, माझं, इंजिनाचं, सगळं. आणि वळताना अजून जास्त.

आबा : मंग तिथं वर, त्या जोडाले कोणता तुकडा दाखवशीन?

प्राजक्ता : कापायचा का मग कणा?

आबा : कापाचा. नाई तं उद्या आपलंच मन पलटते.

प्राजक्ता : पण आबा, सगळे शिकंजे मी आवळले होते. तुम्ही म्हणालात, एकसारखे आवळलेस.

आबा : एकसारखेच होते. तुह्या हातात खोट नाई, गोंदच मेला होता. पयले येक तुकडा चिकटवून तोडाचा, मंगच कण्याले हात लावाचा, हा नियम. आयटीआयच्या पोट्ट्याईले वीस वर्षं घोकवला मी. अन् सोता घाई केली.

प्राजक्ता : का केलीत?

आबा : तुही शाळा सुरू होऊन राहिली. म्हटलं, अमरावतीले जायच्या आंदी कणा पाहून जाईन पोट्टी.

आजी : येवढंच सांगान? दुसरं नाई सांगनार?

आबा : दुसरं काई नाई.

आजी : कसं नाई? प्राजू, डोळ्याच्या डाक्टरनं सांगतलं, आबाचा पडदा कमजोर होऊन राहिला. औंदाच्या तपासनीत पास होतीन, पुढचं सांगता येत नाई. रिटायर झाल्यावर नागपूरले खेपा घालघालू विमान उडवाचं लायसन काढलं या मानसानं. थे चाललं हातातून. म्हनून घाई होती.

प्राजक्ता : आबा? खरं आहे?

आबा : डाक्टर लोक बोलतच असतात.

प्राजक्ता : म्हणजे आता कणा कापला तर पुन्हा लाकूड, पुन्हा मुंबई, पुन्हा ते सगळे साहेब...

आजी : अन् पुन्हा बडनेरा.

प्राजक्ता : मग नका ना कापू! आबा, तुम्ही एकटेच उडा. एकदाच. अगदी हळू. मी नाही बसत मागे.

आबा : म्हणजे पडलो तं मी येकटाच पडलो पायजे?

प्राजक्ता : असं नाही म्हणाले मी!

आबा : माहीत आहे, बापा. रडू नको. पाय इकडं. या कण्याजवळ बसून मी तुले दोन सुट्ट्या शिकवलं. आता हाच झाकला, तं मंग काय शिकवलं मी तुले?

आजी : हे घे, पदराले पूस नाक.

प्राजक्ता : आजी, मोठी करवत कुठे आहे?

आजी : दाराच्या मांगं. मले नोको सांगू आनाले. माह्यानं नाई पायल्या जात.

प्राजक्ता : मीच आणते.

(प्राजक्ता करवत घेऊन येते. आजी शेडमधून जात नाही. कण्याचे दुसरे टोक धरून उभी राहते.)

आबा : खुणेवर ठेव. अंगठा बाजूले. दाबू नको, नुसती वढ. करवत आपल्या वजनानं चालते.

प्राजक्ता : आबा, लायसन किती वर्षांची झाल्यावर मिळतं?

आबा : सतरा. समोर पाय, तिरपी चालली.

प्राजक्ता : मला बारा पूर्ण झाली. म्हणजे पाच वर्षं.

आजी : झकास. तवरोक लाकूड येऊनच जाईन.

आबा : जमुना!

आजी : काहून, खोटं बोलली?

प्राजक्ता : मग मी पुढे आणि तुम्ही मागे. मागे बसायला डोळे तपासतात का?

आबा : नाई, माय. मागं बसाले काईच नाई लागत. समोर कोणी पायजे, बस.