बरणीची पकड

नाही, ओढू नका. ओढाल तितकं जास्त आवळीन, सांगून ठेवते. कोण आहात तुम्ही? भरदुपारी खिडकीच्या गजांतून हात घालून दाराची कडी काढताय—आणि आता मुक्यासारखे उभे! बोला की काहीतरी. पडदा सारायला मला हात मोकळा नाही, दोन्ही तुमच्या मनगटावर आहेत. आणि खरं सांगू? तोंड बघायची हिंमतही नाही.

पण मला कराटे येतं बरं का! साधंसुधं नाही, ओकिनावाचं—जपानकडचं बेट आहे ते. मोबाइलवर बघून शिकले. कापसाची वेचणी सुरू झाल्यापासून दुपारची ही कडी वाजते, नवरा माझा, ललित, सुरतेला कामाला, आत्याबाई—सासूबाई माझ्या—धरणगावच्या बाजाराला, घरात मी एकटी—एकटी कुठे, आत बठ्ठी, सगळी माणसं आहेत! तर त्या व्हिडिओत एक म्हातारे गुरुजी आहेत. वाळू भरलेल्या बरण्या नुसत्या बोटांनी काठाला धरायच्या आणि चालायचं. मी लोणच्याच्या घेतल्या. एक फुटली, आत्याबाई केवढ्या चिडल्या! मग जमलं. ठोसे नाही जमले. गुरुजींचा उजवा तो माझा डावा, सगळं उलटंच शिकून बसले. आणि त्याच्या पुढच्या धड्याला समोर दुसरा माणूस लागतो—मी कुणाला उभं करू? म्हणून बरण्याच. पकडल्यावर पुढे काय करायचं ते... येतं हो! सगळं येतं. हलू नका!

घरात सांगितलं होतं मी. नवलदादांना, माझ्या जेठांना—ललितचे थोरले भाऊ—पहिलं त्यांनाच. "सारिका, मांजर असेल," म्हणाले. बरण्या घेऊन चालताना बघून हसलेही. पण मांजराला कसं कळणार, इथून कडीला हात पोचतो म्हणून? तुम्हाला तरी कसं कळलं? बाहेरून तर दिसत नाही. कुणी निजलेलं असलं की आम्ही घरातलेच असं...

थांबा. हा अंगठा. हे काळं नख. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा मागचा फाळका लावताना चेमटला होता ना? हळद मीच लावली होती, या हातांनी.

म्हणून बोलत नाही होय. आवाज ओळखेन म्हणून. आणि म्हणे मांजर!

चोर असता तर सोडलाही असता हो. पळाला असता, संपलं असतं. तुम्ही तर संध्याकाळी माझ्याच हातचं जेवायला बसाल. आणि मी सांगायला गेले तर मलाच... नाही. बोटं बधिर झालीत, रडू येतंय, फार भीती वाटतेय मला—तरी नाही सोडत.

फाटक वाजलं. आत्याबाई, तुम्हीच ना? दाराकडे नका जाऊ, आधी इकडे खिडकीपाशी या. कोणाचा हात धरलाय मी, बघा. माझ्या तोंडून नाव निघत नाही. तुमच्याच पोटचा आहे, तुम्हीच हाक मारा त्याला.