झोपलेल्या मुलाचा अंगठा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, शिलाई विभागातल्या माझ्या सगळ्या काकू-मावश्या, आणि जिच्या निरोपासाठी आपण जमलो ती आपल्या पाळणाघराची दुलईमावशी, सर्वांना माझा नमस्कार.

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, म्हणून माइक माझ्याकडे आला. बालविकास शिकले, उद्यापासून मावशीच्या जागी उभी राहणार आहे. बोलायचे मुद्दे काढून आणले होते, पण इथे उभी राहिले आणि डोळ्यांपुढे फक्त पाळणाघरातली दुपार आली.

आठवते ना ती दुपार? ओढलेले निळे पडदे, भिंतीपलीकडे तुमच्या मशिनींची घरघर, आणि ओळीने पसरलेल्या दुलयांवर आम्ही. त्या आवाजाची मला इतकी सवय, की सुट्टीच्या दिवशी घरी झोपच येईना. मग आई दोरा न ओवता नुसतंच मशीन चालवत बसायची. आजी म्हणायची, "पोरीला झोपवतेस, की हवा शिवतेस?" ती शिवलेली हवा पांघरूनच मी मोठी झाले.

माझा दादा माझ्याहून बराच मोठा. त्याच्या वेळचं पाळणाघर वेगळं होतं. झोपेची वेळ झाली की डोळे मिटलेच पाहिजेत. मावशी दुलयांमधून फिरत हळूच म्हणायची, "खरंच झोपलेल्या मुलाच्या पायाचा अंगठा हलतो बरं का." दादाला झोप नसायची. पकडले जाऊ नये म्हणून तो बिचारा इमानदारीने अंगठा हलवायचा, आणि पकडला जायचा. मग कोपऱ्यात उभा. हसलात ना? दादा अजून हसत नाही.

माझ्या वेळेपर्यंत कोपरा गेला, थोपटणं आलं. आणि आता? आता मावशी मुलांनाच विचारते.

आपली मुलगी तिथे पाठवायची नाही, असं दादाने ठरवलं होतं. गेल्या महिन्यात वहिनीची शिफ्ट बदलली आणि इलाज उरला नाही. पहिल्या दिवशी तो दारातच थांबला. माझी भाची टक्क डोळे उघडून पडली होती. मावशी तिच्याजवळ बसली. "झोप नाही येत? नको येऊ दे. छताकडे बघत पड. काही छान दिसलं तर मला सांग."

दादा म्हणाला, "मावशी, आम्हाला नाही कधी असं म्हणालीस."

मावशी दुलईची घडी घालत राहिली. मग म्हणाली, "तेव्हा मला वाटायचं, डोळे मिटलेलं मूल म्हणजे सुखी मूल. मलाही तसंच वाढवलं होतं. चुकलं माझं, बाळा."

दादा तसाच निघून गेला. तेव्हापासून मावशी मला सारखी विचारते, "येईल ना गं तो निरोपाला?"

एका मुलाशी चुकलेलं माणूस पुढच्या मुलाशी ती चूक दुरुस्त करतं. मग त्या पहिल्या मुलाचं काय? माझ्या पुस्तकांत याचं उत्तर नव्हतं.

मावशी, पहिल्या रांगेच्या टोकाला बघ. भाची दादाच्या खांद्यावर झोपली आहे. दादानेही डोळे मिटलेत. चपला काढून पाय लांब केलेत.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर आपलीच पोर म्हणून सांभाळून घ्या. आणि कृपा करून टाळ्या वाजवू नका. दादाच्या पायाचा अंगठा हलतोय.